नोंदवहीत आहे, कपाटात नाही

मी दिग्रसच्या डोक्यावरून जाताना बोलतोय. आठ मिनिटांत क्षितिजाखाली जाईन, म्हणून थोडक्यात आटोपतो.

मी तळहाताएवढा संगणक. यवतमाळच्या दुकानात मोबाइलच्या चार्जरशेजारी लटकत होतो. अंतराळासाठी खास घडवलेले संगणक चिलखत घालूनच जन्मतात. मला दुकानदाराने साध्या पिशवीत टाकलं. दिग्रसच्या कॉलेजातल्या वर्षा राठोड मॅडमनी मला त्यांच्या डब्याएवढ्या उपग्रहात बसवलं. त्याआधी थंडीची परीक्षा कुल्फीवाल्याच्या पेटीत झाली आणि हादऱ्यांची बाभुळगावच्या रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. रॉकेट त्या मानाने सभ्य निघालं.

मी वर गेल्यावर सहा महिन्यांनी मॅडमना बंगळुरात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. पण नावावरच्या सगळ्या वस्तू परत केल्याची भांडारपाल पुंडलिकरावांची सही मिळाल्याशिवाय कॉलेज सोडेना.

"एक संगणक कमी हाये," पुंडलिकराव म्हणाले.

"काका, तो आभाळात हाये. तुमच्यासमोरच तं पाठवला."

"जाताना पाह्यला. आता दिसून नाही राह्यला. गहाळ लिहितो."

"गहाळ लिहिलं तं मले कोणी सोडन का?"

"मंग बोलवा त्याले."

मॅडम त्यांना गच्चीवर घेऊन गेल्या आणि अँटेना माझ्याकडे धरून उभ्या राहिल्या. मी नेमका तेव्हाच बंद पडलो होतो. सूर्याकडून आलेल्या एका कणाने डोकं बधिर केलं होतं. चिलखत नसल्याचा हा तोटा.

"चार मिनिटं झाली," पुंडलिकराव घड्याळ पाहत म्हणाले. "आपला शिपाईबी एवढा वेळ नाही लावत."

मॅडमनी अँटेना खाली घेतली नाही.

पण माझी जात ओळखून त्यांनी आत एक पहारेकरी बसवला होता. मी पाच मिनिटं गप्प राहिलो, की तो माझी वीज तोडतो आणि पुन्हा जोडतो. त्याने तेच केलं. मी धडपडत उठलो आणि कळवलं: 'चालू आहे. बॅटरी ठीक.'

पुंडलिकरावांनी मॅडमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर ते दोनदा वाचलं आणि सही केली. 'जागा' या रकान्यात लिहिलं: 'कॉलेजच्या हद्दीबाहेर. हाक मारल्यास उत्तर देतो.' वस्तू कुणाच्या तरी नावावर हवीच, म्हणून मला त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं.

मॅडम बंगळुरात रुजू झाल्या. पुंडलिकराव रोज गच्चीवर येऊन माझी हजेरी घेतात. मीही देतो. मात्र हळूहळू खाली घसरतोय. वर्षभरात हवेत शिरून जळून जाईन. पुंडलिकराव, एवढंच सांगणं: मला भंगारात काढायचा अर्ज आजच टाका. त्याच्या मंजुरीला जेवढा वेळ लागतो, तेवढा माझ्यापाशी नाही.