पेनीच्या दारावरची कुकी

या रे पोरांनो, टेका बूड. आज एक गोष्ट सांगते. माझीच आहे, म्हणून जरा चढवून सांगेन, पण खोटं नाही सांगायची.

मी एक जुनी कुकी आहे. खायची नव्हे, हात मागे घ्या! टॅबलेटात राहणारी. थोडी अक्षरं, थोडे आकडे, एवढाच माझा देह. मित्रांनो, वेबसाइटच्या लक्षात माणूस राहत नाही. आत्ता भेटलेला पुढच्या पानावर परका. म्हणून ती तुमच्याच टॅबलेटात एक चिठ्ठी ठेवून देते. पुन्हा गेलात की चिठ्ठी बघते आणि म्हणते, "तुम्ही होय? या आत." ती चिठ्ठी म्हणजे मी.

टोंगा देशातल्या वावाऊ बेटावर, लोसालीनच्या घरात मी जन्मले. तिचा नवरा पेनी दरसाल ऑस्ट्रेलियात मिल्ड्युराला द्राक्षं तोडायला जायचा. तिथल्या टोंगन चर्चच्या गायकांची एक छोटी वेबसाइट होती, तिच्यात घरच्यांसाठी कुलपाच्या खोल्या. त्या साली जायच्या आदल्या दिवशी पेनी चटईवर बसला, अक्षरं मोठी केली, भाषा आपली लावली आणि 'मला लक्षात ठेवा' यावर बोट टेकवलं. झाला माझा जन्म.

"झालं. आता तुला परवलीचा शब्द लागायचा नाही," तो म्हणाला.

"आणि लागला तर?"

"तर मी आहे की, म्हातारे!"

दर आठवड्याला तो त्या खोलीत आपला आवाज ठेवायचा. कधी गाणं, कधी मुकादमाची नक्कल, कधी नुसतंच, "लोसा, इथे कसावाचा कंद मिळतो, पण तुझ्या हातचा नाही." चौथ्या महिन्यात वेलींच्या रांगेतच तो छाती धरून खाली बसला. घरी आला तो पेटीतून. परवलीचा शब्द त्याच्याबरोबर मातीत गेला. लोसालीननं वेबसाइटवाल्यांना दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही.

तेव्हापासून त्या दाराची ओळख मी एकटी. मी गेले तर दार बंद, कायमचं.

लोसालीन सकाळभर झाडाची साल कुटून कापड करायची. दुपारी हात धुवायचे, टॅबलेट मांडीवर घ्यायचा, एकच आवाज ऐकायचा. एकच हं, दोन नाही. पुरवून पुरवून. ती आली की माझं आयुष्य वर्षभर पुढे सरकायचं. नाही आली तर मी आपोआप सरणार. रोज दुपार व्हायची वाट तिनं जास्त पाहिली की मी, देव जाणे.

मग एके दिवशी आली एलेनोआ, पेनीची थोरली बहीण. आमच्याकडे भावाच्या घरात बहिणीचा मान सगळ्यांत वरचा. तिनं मागितलं की द्यायचं, तोंड वाकडं न करता.

"लोसा, तो टॅबलेट नेते गं महिनाभर."

"न्या ना, वन्सं," लोसालीन म्हणाली. मला मेलीला रडता येत नाही म्हणून बरं.

एलेनोआ मोठी भली बाई. पण भलेपणानंच घात केला. प्रत्येक वेबसाइट दारातच विचारायची, 'आमच्या कुकीज ठेवू का?' दारात येऊन कुणी मागितलं तर नाही कसं म्हणायचं? आईनं शिकवलं नव्हतं ते तिला! ती दर वेळी दाबायची, 'सगळं मान्य.' वर म्हणायची, "घ्या बाबांनो, घ्या."

घेतलं त्यांनी. एकेका दारातून पन्नास पन्नास परक्या कुकीज घुसल्या. आम्ही साध्या कुकीज आपापल्या घरधन्याशी, म्हणजे आपल्या वेबसाइटशीच बोलतो. पण या मेल्यांचा धनी जाहिरातवाला, आणि तो शंभर घरांत बसलेला. एलेनोआनं गुडघेदुखीवर एकदाच वाचलं. दुसऱ्या दिवसापासून जिथे जाईल तिथे गुडघ्याचं तेल, गुडघ्याचा पट्टा. आठवड्यानं तर अंत्यविधीचा विमा!

ती टॅबलेट घेऊन तरातरा आली. लोसालीनची लेक लुपे तेव्हा राजधानीहून आली होती.

"माझा गुडघा दुखतो ही चहाडी कुणी केली गं, लोसा?"

"मी नाही हो, वन्सं. मला आत्ताच कळतंय."

"मग यांना कसं कळलं? मी चालते हे पाहायला येतात काय!"

लुपेला हसू आवरेना. "आत्या, तूच पाहुण्यांना घरात घेतलंस. ते आता तुझी भांडी मोजतायत."

"मग हाकल त्यांना! सगळं पूस. आत्ता, माझ्यासमोर."

लुपेनं सेटिंग उघडलं. 'सर्व कुकीज पुसा.' बोट वर.

मित्रांनो, लोसालीनचं तोंड मी विसरणार नाही. सांगणार काय? नवऱ्यानं बायकोला लाडानं बोललेलं, ते त्याच्या बहिणीसमोर नावानंही काढायचं नसतं. आमच्याकडे भावाबहिणीत मर्यादाच तेवढी; एका छपराखाली ती दोघं भावंडं बसून हसलीसुद्धा नव्हती कधी, मोठी झाल्यापासून. लेकीलाही तिनं सांगितलं नव्हतं. आणि वन्संना नाही म्हणायचं कसं?

"लुपे," ती एवढंच म्हणाली, "थांब."

"का गं, आई?"

"वन्सं... कापडाला डाग पडला म्हणून अख्खं कापड चुलीत घालतात का?"

"तुझं काय अडकलंय त्यात?" एलेनोआ खेकसली.

लोसालीन चटईकडे बघत हळूच म्हणाली, "मिल्ड्युरा."

एलेनोआ दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दाराबाहेर गेली. बाहेरून म्हणाली, "लुपे, तेवढं एक ठेव. बाकी मोज एकेक आणि काढ."

लुपेनं यादी उघडली. नाव वाचायचं, ओळखीचं नसेल तर पुसायचं. परक्या कुकीज यापुढे येऊच नयेत अशी खूणही केली. बाहेर ओरडून म्हणाली, "आत्या, पुन्हा कुणी विचारलं तर 'फक्त गरजेच्या' दाब. नाही म्हणालीस तर कुणी उपाशी जात नाही! आणि गुडघ्याचं वाचायला खासगी खिडकी उघड. ती बंद केली की इथलं पुसलं जातं."

"कळलं गं, मास्तरीणबाई!"

मग लोसालीननं टॅबलेटात पेनीच्या खोलीचं दार उघडलं. पेनी म्हणाला, "लोसा, ऐकतेस ना?"

अंगणातल्या, फणसासारख्या फळांच्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली एलेनोआ पाठ फिरवून बसली होती. तिथवर आवाज जात नाही असं सगळ्यांनीच धरलं. लोसालीननं मात्र आवाज थोडा वाढवला.

आता मी थकले, पोरांनो. रोज दुपारची वाट पाहते. एवढंच मागते: दारात कुणी विचारलं तर वाचून हो म्हणा, नको ते नको म्हणा. आणि सगळं पुसायला बोट उचललंत, तर आधी घरात एकदा हाक मारून विचारा, यात कुणाचं काही आहे का? आणि ज्याला सांगता येत नाही, त्याच्या तोंडाकडे जरा बघा.