अप्पांची दोन नावं

मैलापूरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दुपारी तीनच्या सुमारास समुद्राचा वारा शिरायचा, आणि क्षमा लॅपटॉप उघडून आपल्या अर्जाचं काय झालं ते पाहायची. चौदा महिने तिथे एकच ओळ होती: प्रक्रिया सुरू आहे. ती वाचली की तिला गुंगी यायची. पडदा फुगायचा, बसायचा. दूर उंचावरच्या रुळांवरून गाडी जायची. तेवढ्या वेळात आपण नक्की कुठल्या देशात बसलो आहोत हे कुणालाच सांगता येणार नाही, असं तिला वाटायचं, आणि त्यात एक प्रकारचा आरामही होता.

ती याच घरात वाढली. मग बावीस वर्षं कॅनडात राहिली, तिथली नागरिक झाली. अप्पांचं हृदय थकलं तेव्हा परत आली, ती राहिलीच. आल्या आल्या पोलिसांकडे परकीय पाहुण्याची नोंद करायची होती, आणि ती यजमानाने करायची असते. अप्पांनी चष्मा लावला आणि आयुष्यभर बँकेत घोटलेल्या अक्षरात लिहिलं: पाहुण्याचे नाव, क्षमा. यजमानाशी नाते, मुलगी. मग पेन तसंच धरून बसले.

"काही चुकलं का, अप्पा?"

"चुकलं नाही. वाचायला बरं वाटत नाही, एवढंच."

मधली काही वर्षं नियमाची मुदत भरण्यात गेली. मग तिने भारताचं नागरिकत्व परत मागितलं. अर्जाचा कच्चा खर्डा अप्पांनीच पेन्सिलीने भरून दिला. अर्ज गेला, आणि सहा महिन्यांनी अप्पा गेले.

"आता कशाला हा खटाटोप?" शेजारचे राजगोपालमामा विचारत. त्यांनी वकिलाच्या ऑफिसात चाळीस वर्षं काढली होती. "इथे राहायला तुला कोण अडवतंय?"

"पाहुणी म्हणून नाही राहायचं, मामा."

पंधराव्या महिन्यात ती ओळ बदलली. त्रुटी आढळली आहे. क्षमाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव रंगा राव होतं. जुन्या भारतीय पासपोर्टवर, शाळेच्या दाखल्यावर, बाकी सगळीकडे दत्तोपंत राव. तीस दिवसांत खुलासा द्यावा, नाहीतर फाइल बंद.

"आई, हा रंगा कोण?"

हेमावती शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "तुझे अप्पाच. दुसरं कोण?"

मग तिने सांगितलं. अप्पांना त्यांच्या आजोबांचं नाव ठेवलं होतं. पण अप्पांच्या आईला, म्हणजे गोदाआजीला, सासऱ्यांचं नाव तोंडाने कसं घेता येणार? तंजावरकडच्या त्यांच्या घरांत ते चालायचंच नाही. म्हणून ती मुलाला रंगा म्हणायची. क्षमा जन्मली तेव्हा अप्पा बँकेच्या कामाने तिरुचीला होते. प्रसूतीच्या वॉर्डात कारकून वही घेऊन आला, बाळाच्या वडिलांचं नाव विचारलं. गोदाआजीने रंगा सांगितलं.

"आणि तू? तू तिथेच होतीस की!"

"मी काय सांगणार, गे? त्यांना सासऱ्यांचं नाव, मला नवऱ्याचं." हेमावतीला हसू आलं. "आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. तो कारकून म्हणाला, अम्मा, लवकर सांगा, अजून अकरा बाळं आहेत."

राजगोपालमामांनी कागद वाचून चष्मा कपाळावर चढवला. "प्रतिज्ञापत्र करू. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं. पण नुसत्या कागदाने भागणार नाही. त्यांना दोन्ही नावांनी ओळखणारं घरातलं कुणीतरी समोर उभं राहून बोललं पाहिजे." मग आवाज उतरवून म्हणाले, "तशी हेमावतीच उरली."

हेमावती उठून आत गेली.

त्रेपन्न वर्षं तिने ते नाव उच्चारलं नव्हतं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला पुण्याकडच्या बायका हौसेने नाव घ्यायच्या, तेव्हा ही कोसंबिरीचं पातेलं उचलून स्वयंपाकघरात पळायची. नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. आता कमी व्हायला काय उरलंय, हे वाक्य क्षमाच्या जिभेवर दोनदा आलं आणि दोनदा तिने ते गिळलं. आई अजूनही दोन कप कॉफी करायची आणि दुसरा स्वतःच प्यायची. न घेतलेलं नाव ही तिच्यापाशी राहिलेली शेवटची राखण होती. ते उच्चारून काही बिघडलं नाही, तर मग खरंच काही उरलं नाही.

"राहू दे, आई," तीस दिवसांतले एकोणीस गेल्यावर क्षमा म्हणाली. "मी पाहुणी तर पाहुणी."

त्या दुपारी तिला स्वप्न पडलं. देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर दोन माणसं पाठीला पाठ लावून बसली होती, एक रंगा आणि एक दत्तोपंत. पाणी हिरवं होतं, इतकं संथ की त्यावर पाय ठेवून चालता आलं असतं. दोघांची सही हवी होती. ती एकापाशी गेली की तो म्हणायचा, त्याला विचार. तिने दोघांना वळवायला हात पुढे केला, तेव्हा दोघांच्या सदऱ्यांना एकच वास होता, घामाचा आणि विभूतीचा. ती जागी झाली तेव्हा आई दारात उभी होती. कांचीपुरमची मातकट साडी नेसलेली, हातात पर्स.

"कचेरी किती वाजता बंद होते?"

अधिकारी बाईंचं नाव भव्या. तिशीच्या असतील. टेबलावर डबा तसाच न उघडलेला होता. त्या तमिळमध्ये बोलत होत्या, हेमावतीही तमिळमध्येच.

"अम्मा, रंगा राव हे तुमचे पती?"

"हो."

"त्यांचं कागदोपत्री नाव?"

हेमावतीने पर्सची क्लिप उघडली, मिटली. "देवाचं नाव."

"कुठल्या?"

"तीन तोंडं असतात तो."

भव्याबाईंनी की-बोर्डवरचे हात काढले. "मुरुगनला सहा, अम्मा. ब्रह्माला चार. तीन कुणाला?"

"आमच्याकडे आहे तसा. कुत्री असतात बरोबर."

"भैरव?"

"अय्यो, भैरव नाही!" हेमावती खरोखरच चिडली. "मागे गाय असते. हातात कमंडलू."

पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थही विचारात पडले होते. क्षमा बोलायला गेली, पण भव्याबाईंनी तिला हाताने थांबवलं. "तुम्ही नको. त्यांनी सांगायला हवं." मग त्या जरा पुढे झुकल्या. "अम्मा, माझी आजी पण आजोबांचं नाव घ्यायची नाही. मला कळतं. सावकाश सांगा."

पंखा फिरत होता. हेमावतीने पदर खांद्यावरून ओढून घेतला, नमस्कार करताना घ्यावा तसा, आणि खाली टेबलाकडे पाहत म्हणाली, "दत्तोपंत."

काही झालं नाही. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"पुन्हा एकदा, अम्मा. स्पेलिंगसाठी."

"दत्तोपंत." या खेपेला आवाज मोठा आला. आतल्या खोलीतल्या माणसाला जेवायला बोलवावं, तितका. क्षमाने नकळत दाराकडे पाहिलं.

"हयात?"

हेमावतीने पर्स मांडीवर घेतली. "नाहीत," ती म्हणाली. आठ महिन्यांत हाही शब्द तिने पहिल्यांदाच उच्चारला होता. मग तिने सही केली.

रिक्षा समुद्राच्या बाजूने निघाली. उन्हाची धार गेली होती आणि वाळू पाण्यापर्यंत धूसर दिसत होती. फाइल आता दिल्लीला जाईल, भव्याबाई म्हणाल्या होत्या. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. म्हणजे पुन्हा तीच ओळ, पुन्हा वाट पाहणं. क्षमाला त्याचं आज काही वाटलं नाही.

शेजारी आईचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"ऐकलं असेल तर रागावतील," थोड्या वेळाने हेमावती म्हणाली.

"कोण रागावेल, आई?" क्षमाने विचारलं.

हेमावतीने तिच्याकडे पाहिलं. लेक काय करते आहे ते तिच्या लगेच ध्यानात आलं. तिने क्षमाच्या दंडाला हलकासा चिमटा काढला, तोंड समुद्राकडे फिरवलं, आणि वाऱ्यात नाव घेतलं.