कौदीचं पोट

रविवारी डबा नसतो, तरी माझी सकाळ धावपळीतच जाते. त्या दिवशीही सिद्धूचं खिमट केलं, त्याची वाटी-चमचा उकळून घेतला, थर्मामीटर पर्समध्ये टाकला आणि तो खरंच टाकलाय ना, ते पुन्हा उघडून पाहिलं. अजिनाथ पेपरमागून म्हणाला, "कौदी शिवायला चाललीयस की दवाखान्यात?"

"तुला काय जातंय हसायला," मी म्हटलं.

सिद्धू म्हणजे सिद्धनाथ, आमचा मुलगा. अजून वर्षाचा व्हायचाय. दिवाळीनंतर एका दुपारी त्याला तापात आकडी आली. मी आंघोळीला गेले होते आणि तो आत्यांच्या मांडीवर होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, बनाबाई. नातवासाठी केम गावाहून आलेल्या. मी ओल्या केसांनी बाहेर धावले तेव्हा त्या त्याच्या नाकाशी कांदा धरून "सिद्धा, ए सिद्धा" करत होत्या आणि त्याचे डोळे वर गेलेले. डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. काही मुलांना तापात येते, मोठी होतात तशी थांबते, यात कुणाची चूक नाही. मला पटलं. मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई मी, पटायलाच हवं. पण त्यानंतर मी सिद्धूला आत्यांजवळ एकटं कधी ठेवलं नाही. भांडण नाही, एक शब्द नाही. त्यांचे हात पुढे आले की मी म्हणायची, "असू द्या आत्या, मी घेते." हात मागे जायचे. सिद्धू झोपला की त्याचं पोट वर-खाली होतंय ना, एवढंच मी बघत बसायची.

शेजारच्या कमरुन्निसा आपांनी हे सगळं गॅलरीतून पाहिलं असणार. त्यांनीच मला ओढून कार्यशाळेला नेलं. "पोराचा श्वास मोजून तो वाढतो का गे? चल, सुई धर. बोटांना काम लागलं की डोकं गप बसतं."

मागच्या गल्लीतल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये दर रविवारी कौदी शिवायला शिकवतात. कौदी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेली जाड गोधडी. शिकवणाऱ्या बसव्वा वळसंगच्या, बोलणं निम्मं कानडी, हसणं पूर्ण मोकळं. दर वेळी एकीची कौदी घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून ती पुरी करायची, अशी तिथली रीत. आधीचे रविवार मी सिद्धूला मांडीत घेऊन एका हाताने कसेबसे टाके घातले होते. आज पाळी माझी होती.

माझं गाठोडं सोडलं तशी आपांनी नाक धरलं. "या अल्ला! कपडे आणलेत का ऑपरेशनचं सामान?"

"डेटॉलमध्ये भिजवून उन्हात टाकले होते," मी म्हटलं.

"जंतू मेले असतील, आता आमी मरतो."

सगळ्या हसल्या, मीही हसले. आत्यांचं जुनं इरकल लुगडं, अजिनाथचे मऊ पडलेले दोन शर्ट, माझी कॉलेजातली ओढणी. बसव्वांनी शहाबादी फरशीवर थर पसरले, तळव्यांनी सुरकुत्या काढल्या, कडा आत दुमडून चारी बाजूंनी आम्हाला बसवलं. बायका कौदीच्या कडेवरच बसतात, म्हणजे बसणाऱ्यांच्या वजनानं कापड ताणलेलं राहतं. टाके कडेपासून सुरू होतात आणि चौकोनी फेऱ्या घेत घेत मध्यापर्यंत जातात. एकदा बसलं की कौदी हलवायची नाही.

माझा जीव सुयांत अडकलेला. चारी बाजूंनी सुया आणि माझ्या मांडीत हे रांगतं पोर.

"यव्वा, त्याला मधी ठेव की," बसव्वा म्हणाल्या.

"मध्ये? सुयांच्या?"

"सुया कुटं हायत मधी? कडेला हायत. मधी पोचायला दिवस जाईल. आख्ख्या हॉलात त्याला ह्याच्यापरीस चांगली जागा न्हाय."

खरं होतं ते. मी त्याला मधोमध ठेवलं. तो थोडा वेळ इकडे-तिकडे रांगला, जवळ आला की कुणीतरी सुई उचलून त्याला परत मध्ये ढकलायची. मग वरच्या थरातल्या माझ्या ओढणीचं मोकळं टोक मुठीत धरून तो पालथा पडला आणि बघता बघता झोपला.

सुरुवातीला मी एक टाका घालायची आणि एकदा त्याच्या पाठीकडे बघायची. टाका, पाठ. टाका, पाठ. शेजारी आपा गड्ड्याच्या जत्रेत यंदा कोणता पाळणा येणार यावर बोलत होत्या, मग त्यांच्या लेकीच्या, मारियाच्या लग्नाची गोष्ट निघाली, मग नवऱ्या मुलाच्या आईला बिर्याणीत बटाटा लागतो, यावरून वाद पेटला. मी पण बोलले. बटाट्याच्या बाजूनेच बोलले. फेरी संपवून दोऱ्याला गाठ मारताना एकदम लक्षात आलं, की ही आख्खी बाजू मी सिद्धूकडे न बघता शिवली होती. बघितलं तर पाठ वर-खाली होत होती. त्याचं त्याचं चाललं होतं.

दुपार कलली. सिद्धू मध्ये एकदा उठला, खाल्लं, खेळला आणि उन्हं उतरताना पुन्हा तिथंच झोपला. फेऱ्या आता त्याच्यापर्यंत आल्या होत्या. सगळीकडून टाके येऊन थांबलेले, आणि मध्ये एक कोरा चौकोन, त्यात हा आडवा.

"उरलेलं पुढच्या रविवारी करू," मी हळूच म्हटलं. "नाहीतरी थंडी पडायला लागलीय."

बसव्वांनी मान हलवली. "तेवढं सांगू नको. कौदीचं पोट उघडं ठेवून रात काढायची न्हाय. मधी भाकरीचा घास घालायचा, वरनं टाके घ्यायचे. पांघरणारा मग उपाशी झोपत न्हाय. माझ्या आजीपासनं असंच हाय."

"भाकरी? आत? मुंग्या येतील ना!"

"मागच्या कौदीत आल्या का? तू दर वेळी आधीच घरी पळतेस, घास बघितलाच नाहीस," आपा म्हणाल्या. "मुंग्या पण घाबरतात तुझ्या डेटॉलला."

"आन् घास आईच्याच हातानं," बसव्वा म्हणाल्या. "दुसऱ्या कुनी घालायचा न्हाय."

म्हणजे मला थांबायला हवं होतं आणि सिद्धूला उचलायला हवं होतं. मी वाकून त्याच्या कपाळाला हात लावला. गरम लागलं. पुन्हा लावला, मानेला लावला. गरमच.

"आपा, बघा हो जरा."

आपांनी हात लावला, म्हणाल्या, झोपेची ऊब असेल. पण 'असेल' या शब्दावर मी कशी थांबणार? पर्समध्ये हात घातला आणि तेवढ्यात दारात आत्या दिसल्या. हातात सिद्धूचं स्वेटर आणि कानटोपी. गार वारं सुटलं म्हणून चालत आल्या होत्या. चप्पल काढून उंबऱ्याशीच थांबल्या होत्या, आत येऊ की नको अशा.

"काय झालं?" माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं.

"अंग गरम लागतंय."

त्या आल्या, कौदीच्या कडेशी बसल्या. हात पुढे गेला आणि सवयीनं थांबला. मग म्हणाल्या, "ते तुजं मीटर दे. मी लावते."

मी ते काढून दिलं. आत्यांनी बटण दाबलं, आधीचा आकडा येऊन जाऊ दिला आणि त्याच्या काखेत नीट धरलं, वर दंड दाबून. यंत्र वाजलं. त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"अट्ट्याण्णव. फुडं चार. ताप न्हाय." माझ्याकडे वळवून दाखवलं. तेच होतं.

"तुम्हाला येतं हे?"

"अजिनाथकडनं शिकले. तू भाजीला गेलीस की शिकवायचा." त्या सिद्धूकडेच बघत होत्या. "शंभराच्या फुडं गेलं की औषिद द्यायचं, वजनाच्या हिशेबानं, बाटलीवर खूण केलीय त्यानं. आन् पुन्ना तसलं झालं तर कुशीवर निजवायचं, तोंडात काय बी घालायचं न्हाय, घड्याळ बघायचं. थांबलं न्हाय तर लगीच दवाखाना." मग म्हणाल्या, "कांदा न्हाय लावायचा. मला काय म्हाईत होतं गं तवा. लई भ्याले मी."

इतके दिवस मला वाटत होतं, त्या दुपारची भीती फक्त माझ्याकडे आहे. एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी तीच घेऊन बसलो होतो. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. आलं ते एवढंच, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं न्हाईस की."

आपांनी आपली सुई कापडात टोचून ठेवली.

मी सिद्धूच्या मानेखाली एक हात घातला, पायांखाली दुसरा. तो कुरकुरला, ओढणी मुठीतून सुटली. आत्यांचे हात समोरच होते, पण पुढे आले नव्हते. मी त्याला त्यांच्या हातांत ठेवलं.

"तुम्ही न्या आत्या. मला अजून अर्धा तास लागेल. रिक्षानं जा, वारं आहे. वाटी उकळून ठेवलीय, दूध..."

"दूद मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या, पण रागानं नाही. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, टोपी घातली. त्याचा गाल त्यांच्या खांद्यावर दबला, ओठांचा चंबू झाला. झोपलाच होता.

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "मीटर नेऊ का?"

"न्या," मी म्हटलं.

बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, मग लांब गेला. बसव्वांनी आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी माझ्यापुढे धरली. मी कोपरा मोडला, सिद्धू झोपला होता तिथं ओढणीच्या मोकळ्या टोकाखाली, दोन थरांच्या मध्ये सारला. कापड अजून कोमट होतं. आपांनी माझ्या सुईत दोरा ओवून दिला.

पहिला टाका मोठा पडला.

"उसव," बसव्वा म्हणाल्या.

मी उसवला आणि पुन्हा घातला. मला घाई नव्हती.