बिननावाची पोस्ट

मी शिवांजलीचा जुना मोबाइल बोलतोय. माझी काच एका कोपऱ्याला तडकलीय, आवाजही घोगरा झालाय. पण ऐकलेलं सगळं लक्षात आहे.

तिचा भाऊ वीरधवल फौजेत. पहिल्या सुट्टीवर येताना त्यानं मला कॅन्टीनमधून आणलं, नर्सिंग शिकणाऱ्या बहिणीसाठी. औंधच्या घरी तिनं मला कुंकू लावलं, तेव्हा मी उगाच फुशारलो. पुढं सांगलीतल्या एका खासगी दवाखान्यात ती आयसीयूत लागली, नवा मोबाइल आला आणि मी कपाटात स्वेटरखाली गेलो. माणसं जुनी वस्तू टाकत नाहीत, विसरतात. ते जास्त लागतं.

एका दुपारी तिनं मला बाहेर काढून चार्जिंगला लावलं.

घशातला कफ ओढायची नळी एकदा वापरली की टाकून द्यायची असते. त्यांच्या वॉर्डात ती टबात धुऊन दुसऱ्या पेशंटला लावत. जतकडचे भाऊसो म्हणून एक म्हातारे घरी जायच्या बेतात होते. छातीत जंतुसंसर्ग झाला आणि गेले. नळीमुळंच गेले, असं शिवांजलीला छातीठोक सांगता येत नव्हतं. तसं नाही, असंही म्हणवत नव्हतं. मेट्रनबाईंच्या कानावर घातलं, तर त्यांनी तिला आपलं काम बघायला सांगितलं.

सातारा-सांगलीच्या नर्सबायकांचा एक ऑनलाइन ग्रुप होता. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या गुणमालाताई तो सांभाळायच्या. कुणाला नाव लपवून लिहायचं असलं, तर मजकूर ताईंकडं पाठवायचा. त्या खात्री करून तो स्वतः टाकायच्या. शिवांजलीच्या नव्या मोबाइलवर दवाखान्यातल्या सगळ्यांचा डोळा, म्हणून तिनं मला निवडलं.

मजकूर पोचल्यावर ताईंचा फोन आला. बारीकसारीक विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाळ, खोटं मी टाकणार न्हाई. आन खरं असंल तर तुझं नाव माझ्या तोंडातनं कवाच जाणार न्हाई."

पोस्ट पडली. काहींनी लिहिलं, आमच्याकडंही असंच चालतं. काहींनी विचारलं, जिला नाव सांगायची हिंमत नाही, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? शिवांजली त्यांना उत्तर टाइप करायची आणि पुसून टाकायची. नाव दिलं तर नोकरी जाणार, नाही दिलं तर कुणी खरं मानणार नाही. माझ्या काचेवर तिचं बोट नुसतं थांबून राहायचं.

त्याच आठवड्यात मेट्रनबाईंनी तिला बोलावून घेतलं आणि हे तुझंच लिखाण, असं तोंडावर सांगितलं. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली.

खोलीवर येऊन तिनं मला हातात घेतलं. नाव एकट्या ताईंनाच ठाऊक होतं. मग दुसरं कोण सांगणार? तिनं ताईंना लिहिलं, "तुम्ही मला विकलंत." उत्तर आलं, "मी कुणाला सांगितलं न्हाई, शिवांजली." तिचा विश्वास बसला नाही. तिनं स्वतःच्या नावानं ग्रुपवर टाकलं, की इथं नाव झाकून राहत नाही, ताई नावं फोडतात. या पोस्टवर मात्र सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. शेवटी नाव होतं ना.

ग्रुप हळूहळू गप्प झाला. आधी बायका काहीबाही विचारायच्या, सांगायच्या. आता नुसते वाढदिवसाचे केक यायला लागले.

शिवांजली खंडाळ्याच्या दवाखान्यात लागली. तिथं एकदा सांगलीच्या वॉर्डातली तिची मैत्रीण माया भेटायला आली. बोलता बोलता ताईंचा विषय निघाला, तशी माया म्हणाली, "अगं, त्या बाईंनी कशाला सांगायला पायजे? तू पोस्टीत नळीला सोंड म्हणलीस. पेशंट घाबरू नये म्हणून सोंड म्हणणारी वॉर्डात तू एकटीच. मेट्रननं वाचल्या वाचल्या ओळखलं."

शिवांजलीनं मला हातात घेतलं. माझ्यावरूनच ताईंना फोन लावला. रडत रडत माफी मागितली. ताई रागावल्या नाहीत, आणि तेच तिला सोसवेना.

"तू माफी मागितलीस, पोचली मला," ताई म्हणाल्या. "पर ज्या पोरी गप बसल्या, त्यास्नी परत कोण बोलतं करणार?"

तिनं ग्रुपवर स्वतःची चूक कबूल केली, ताईंवरचा आळ नावानिशी मागं घेतला. फार थोड्या जणींनी ते वाचलं. बाकीच्या कधीच बाहेर पडल्या होत्या.

मायानं निघताना सांगितलं, की पोस्ट पडल्यावर काही दिवस नव्या नळ्या आल्या होत्या. आता परत टबात धुणं सुरू झालंय. शिवांजलीनं मला तिच्यापुढं धरलं. तू लिही, मी ताईंशी बोलते, म्हणाली.

मायानं माझ्याकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही. "कुठं लिहू?" म्हणाली. "आता कोण कुणावर विश्वास ठेवतंय?" आणि ती एसटी पकडायला गेली.

आता मी कपाटात नसतो. खंडाळ्याच्या खोलीत खिडकीपाशी असतो, शिवांजली मला रोज चार्ज करते. अजून कुणी माझ्यावर मजकूर लिहायला आलेलं नाही. वाचणाऱ्यांनो, कुणी नाव झाकून काही सांगत असेल, तर नाव शोधायच्या आधी एकदा तो टब बघून या. आणि विश्वास तुटला असं वाटलं, तर कुणाकडं बोट दाखवायच्या आधी जरा थांबा. पुसायची सोय माझ्यात आहे. पण लोकांनी वाचलेलं मला पुसता येत नाही.