चिमणाबाईंचा एस. टी.चा डबा

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे बघून हसू नका. मी तीन कप्प्यांचा पितळी डबा आहे आणि एकेक पोचा मी एस. टी.च्या खडखडाटात कमावलेला आहे. कोल्हापुरातल्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. मंगळवार पेठेतल्या चिमणाबाईंनी बरीच घासाघीस करून मला घरी आणलं. नवरा लवकर गेलेला, पदरात एकुलता एक कृष्णात.

हा कृष्णात मोठा झाला, इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला लागला आणि तिथंच खोली घेऊन राहिला. इकडं बाईंना घर खायला उठलं. मग त्या रोज सकाळी मला भरायच्या आणि स्टँडवर नेऊन ड्रायव्हर बाळासोंच्या हवाली करायच्या.

"सांभाळून न्या दादा, लेकरू उपाशी हाय."

"मावशी, लेकराला मिशा फुटल्यात की आता," बाळासो म्हणायचे.

संध्याकाळी मी रिकामा परतलो, की बाईंचा जीव भांड्यात पडायचा. मला मात्र ठाऊक होतं, मला रिकामं करतो तो शेजारच्या मागावरचा जोतीराम! कृष्णात पाळीवरून सुटला, की स्वतःच्या हातानं रांधून ऊन ऊन जेवायचा. आईला हे सांगायची त्याची छाती होत नव्हती. मी तरी कुठल्या तोंडानं सांगणार?

एकदा जोतीराम गावाला गेला आणि मी भरलेलाच परत आलो. बाईंच्या काळजात धस्स झालं. पोरगं अंथरुणाला खिळलं की काय, या धास्तीनं सकाळी मला काखोटीला मारून त्या स्वतःच गाडीत बसल्या.

खोलीच्या दारातून बघतात तर कृष्णात ठणठणीत, शेगडीपुढं बसून भाकरी थापतोय.

"आजारी न्हाईस व्हय तू?"

"न्हाय गं आये. डबा येईस्तोवर गार हुतोय. आणि आता माझं मला जमतंय." मान खाली घालून त्यानं जोतीरामाचंही सांगून टाकलं.

बाई उंबऱ्यातच बसल्या. आपली गरज सरली, असं त्यांना वाटलं. खरं सांगतो, मलाही वाटलं आणि फार वाईट वाटलं.

कृष्णातनं पाट मांडला, ताट वाढलं. "बस आये. जेव आधी."

जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवलेली ती माउली पाटावर अवघडून बसली. भाकरी एका अंगाला करपलेली होती. त्यांनी ती सगळी खाल्ली, पदरानं डोळे टिपले.

"आमटीत मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या आणि ताट पुढं सरकवलं. "वाढ आणखी."

दुसऱ्या दिवशी घरी त्यांनी सवयीनं दोघांचं पीठ परातीत घेतलं, जरा थांबल्या आणि निम्मं परत ओतलं. तेव्हापासून मी फळीवर आहे.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना अधूनमधून चिंच लावून घासलंत तरी आमचं भागतं. आईचं तेवढ्यानं भागत नाही. तुमचं तुम्हाला जमायला लागलं, की तिच्यापासून लपवू नका, तिला सांगा. पण सांगाल त्या दिवशी तिला पाटावर बसवून आपल्या हातानं वाढा.