हास्यक्लबातली जोडीदारीण

सन दोन हजार एक. भोरात नीरेकाठच्या मैदानावर रोज सकाळी सहाला हास्यक्लब भरायचा. वेल्ह्याच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले आनंदराव पुण्याला लेकाकडे पंधरा दिवस राहून आले आणि येताना हे खूळ घेऊन आले.

इमामबी मूळची कापूरहोळची. नवरा मौलाली गेल्यावर पंक्चरचं दुकान मोडून ती मुलाकडे, एहसानकडे भोरला आली. वर्षभर तिला दारातून हाक मारणारं कुणी नव्हतं. क्लबात पहिल्या दिवशी जोड्या लावल्या, तेव्हा दोघीच उरल्या: ती आणि वरवे बुद्रुकहून आपल्या मास्तर मुलाकडे, धम्मदीपकडे आलेली धोंडाबाई. जोडीदाराच्या डोळ्यांत बघून हसायचं, असा क्लबाचा नियम. कधी ताक घुसळल्यासारखं, कधी कानाला हात लावून मोबाईलवर बोलल्यासारखं. मोबाईल सबंध क्लबात एकाकडेही नव्हता.

"कोन बोलतंय? वरव्याची म्हस का?" इमामबी विचारायची आणि धोंडाबाई मटकन खाली बसायची. "मेले गं बये. ठिव तो फोन."

मग इमामबीच्या घरी चहा. घरातलं सगळं ती धोंडाबाईपाशी बोलायची. सून सबिहा वेगळं बिऱ्हाड मागते आहे, हेही तिने सांगून टाकलं होतं. वर "कुनाला बोलू नगंस" असं बजावलं होतं.

दिवाळी झाली आणि धोंडाबाईचं हसणं बिघडलं. तोंड उघडायचं, खांदे हलायचे, आवाज मात्र नाही. चार दिवसांनी ती जोडी सोडून वाणीणबाई माधुरीसमोर जाऊन उभी राहिली. चहाला बोलावलं तर म्हणाली, "नगं, घाई हाय." आणि तिसऱ्या आळीपर्यंत सावकाश चालत गेली. घाई असलेलं माणूस असं चालतं होय?

इमामबीच्या मनात पाल चुकचुकली. त्यातच माधुरीने दुकानात साखर तोलता तोलता विचारलं, "मावशी, सबिहा कापूरहोळला खोली बघतीया म्हनं?"

इमामबी साखर न घेताच घरी आली. ही गोष्ट घराबाहेर एकाच माणसाला ठाऊक होती. म्हणून धोंडाबाई नजर चुकवते काय. त्या रात्री तिने प्रत्येक चहाची आठवण काढली, आपण काय काय बोलून बसलो ते मोजलं. सुनेची फारशी भीती नव्हती. भोरात एकच जिवाभावाचं माणूस मिळालं होतं, तेही खोटं निघालं, तर मैदानावर तरी कशाला जायचं?

तरी ती गेली. त्या दिवशी आनंदरावांनी भांडण-हास्य घेतलं. बोट नाचवून भांडायचं आणि हसायचं. इमामबी सरळ माधुरीला बाजूला करून धोंडाबाईसमोर उभी राहिली.

"माज्या घरातलं गावभर वाटलंस व्हय गं? चहा प्यालीस, वर चुगली बी केलीस?"

सगळे हसले. आनंदरावांनी टाळी वाजवली. "अगदी खरं वाटतंय. चालू द्या."

"म्या? म्या काय केलं?" धोंडाबाई म्हणाली.

"सबिहाचं माधुरीला कुनी सांगितलं?"

मागून माधुरी हसत हसतच बोलली, "अवो मावशी, सबिहानंच इचारलं मला. माजा भाऊ ऱ्हातोय ना कापूरहोळला, त्येला खोली बघाया सांग म्हनली."

इमामबीचं बोट हवेतच राहिलं. पण धोंडाबाई कंबर धरून नदीच्या पायऱ्यांकडे निघाली होती. इमामबी तिच्या मागे गेली आणि शेजारी बसली.

"चुकले. पन मग माज्याफुडून पळतीस कशापायी?"

धोंडाबाई नदीकडे बघत म्हणाली, "माजं अंग भाईर येतं, इमामबी, पिशवी खाली सरकती. धम्मदीपच्या टायमाला धाव्या दिवशी भातलावणीला उभी ऱ्हायले, तवापासनं. आता लई वाढलंय. जोरानं हसलं की आवरत न्हाई. आनंदरावांनी कागद लावलाय, असला तरास असनाऱ्या बायांनी येऊ नये. माधुरीनं वाचून दाखवला. कळलं तर घरी बसवत्याल मला."

"मग माधुरीफुडं बरी उभी ऱ्हातीस?"

"तिच्याफुडं खोटं हसाया येतं. तुज्याफुडं येत न्हाई."

इमामबी पदराने तोंड पुसून उठली आणि तिथूनच तिला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. वाटेत एकदाही विनोद केला नाही.

ऑपरेशन पुण्यात झालं. डॉक्टरांनी तीन महिने हसू नका, ओझं उचलू नका म्हणून सांगितलं. इमामबी रोज जायची आणि तोंड भिंतीकडे करून बसायची. "का गं?" धोंडाबाई विचारायची. "डाक्तरचा हुकूम हाय."

आनंदराव पुढे गुडघ्यांनी अधू होऊन लेकाकडे पुण्याला राहिले, क्लब पाचेक वर्षांनी मोडला. माधुरीचं दुकान तिच्या मुलाने मोठं केलं. सबिहा आणि एहसान कापूरहोळला गेले, पण इमामबी भोर सोडून गेली नाही, दोन खोल्यांत एकटी राहिली. धोंडाबाई दोन हजार आठच्या थंडीत गेली. मास्तर धम्मदीप आता निवृत्त झालाय. आई गेल्यावर पुढची चार वर्षं, इमामबी असेपर्यंत, तो रोज शाळेला जाताना तिच्या दारात थांबून हाक मारायचा.