कोपऱ्यातला हत्ती

मी एक जुना लढाऊ हत्ती आहे. माझ्या डोळ्यांदेखत राजे कोंडले गेले, वजीर धारातीर्थी पडले, घोडे कापले गेले; पण मी माझी जागा सोडली नाही. मित्रांनो, हे ऐकून तुमची छाती फुगली असेल तर ती जरा खाली घ्या. मी बुद्धिबळातला हत्ती आहे, लाकडाचा, उंचीने साधारण कांद्याएवढा. आणि जागा सोडली नाही, कारण मला कोणी उचललेच नाही.

माझा जन्म मुळशी खोऱ्यात, कोळवणच्या बाजूला, भैरू सुताराच्या पडवीत झाला. स्वातंत्र्य अजून नवे होते. देवळातल्या जुन्या डावाच्या दोन्ही फौजा वाळवीने अगदी निःपक्षपातीपणे खाल्ल्या, म्हणून भैरूने ऐनाच्या लाकडाचा नवा डाव कोरला. हिरड्याच्या पाण्यात गंजके खिळे टाकून त्यात आमची अर्धी फौज भिजत ठेवली. बाहेर निघालो ते कायमचे काळे होऊन. माझी सोंड त्याने फार मन लावून कोरली, चाल करून जाणाऱ्या हत्तीसारखी उगारलेली. देवळाचे गुरव कुशाबा यांना तो म्हणाला, "ह्यो बगा, कसा धावून जातोय!" माझ्याबद्दल कोणी काढलेले हे पहिले चांगले शब्द. ते खोटे ठरले.

आता आमच्या गावची रीत सांगितली पाहिजे. पोळ्याला देवळापुढे आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात. ज्याचा बैल त्याखालून पहिला जाईल त्या घराला वर्षभर मान. हा मान हैबतरावांचा की गेणबांचा, यावरून एका साली लोकांनी हातातले कासरे सोडून एकमेकांची मुंडाशी धरली. बैल शहाणे, ते घरी गेले. मग गावाने ठरवले की पोळ्याच्या दुपारी या दोघांनी देवळाच्या ओसरीवर बुद्धिबळाचा एक डाव खेळायचा. जिंकेल त्याचा बैल पुढे. मिरवणुकीची हलगी वाजली की डाव थांबवायचा. तोवर कोणी जिंकले नसेल तर बरोबरी. आणि बरोबरी झाली तर मान जिथे आहे तिथेच राहील.

मान हैबतरावांकडे होता.

हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण गेणबांनी ते कधीच ठेवले नाही. हैबतरावांना नुसते तग धरून राहिले तरी पुरे होते. गेणबांना मात्र जिंकणेच भाग होते. म्हणजे चढाई करायची गेणबांनी आणि बचाव करायचा हैबतरावांनी, असे तुम्हांला वाटेल. मलाही वाटत होते.

हैबतराव पलटणीतून हवालदार होऊन आलेले. सारी नोकरी त्यांनी शिधा-कोठारात तांदळाची पोती रचण्यात काढली होती, त्यामुळे लढाईची हौस शिल्लक राहिली होती. पहिल्या चाली होतात न होतात तोच त्यांचा वजीर बाहेर पडे, मागोमाग घोडे, उंट, हत्ती, सगळे. त्यांच्या राजाजवळ पाणी द्यायलाही कोणी उरत नसे.

गेणबा भातखाचरांचे मालक. सारा पावसाळा खोरे घेऊन बांधावर फिरायचे, कुठे पाणी झिरपते ते बघायचे आणि तिथे चिखलाचा गोळा दाबायचा, हे त्यांचे आयुष्य. पटावरही ते तेच करीत. हैबतरावांनी काही पुढे सरकवले की गेणबा तिथे एक सोंगटी दाबत. समोरच्याचा राजा कुठे आहे, हे त्यांनी कधी मान वर करून पाहिल्याचे मला आठवत नाही. मी त्यांच्या उजव्या कोपऱ्यात असे.

"हत्ती म्हंजी घराचा कोपरा," ते कुशाबांना समजावीत. "कोपराच हालीवला तर घर ऱ्हाईल का?"

तुम्हांला ठाऊकच असेल, वाट मोकळी असली तर हत्तीला एका दमात पटाच्या या टोकापासून त्या टोकाला जाता येते. मलाही ते ठाऊक होते. त्याचाच तर त्रास होता. दरवर्षी डाव बरोबरीत सुटे, हैबतरावांचा बैल पुढे जाई, आणि गेणबा घरी जाऊन अभिमानाने सांगत, "हारलो न्हाई."

"आन् जितला कवा?" त्यांच्या पत्नी सारजाबाई विचारीत.

सारजाबाईंना मानाचे फारसे पडले नव्हते. त्यांना हरण्याचे पडले होते. हरण्या म्हणजे त्यांचा बैल. तो जन्मला त्याच दिवशी त्याची आई गेली, तेव्हा सारजाबाईंनी कापडाचा बोळा दुधात भिजवून त्याला वाढवले. एकदा तरी तो तोरणाखालून पहिला जावा, एवढेच त्यांचे म्हणणे. पण वर्षे बरोबरीत निघून गेली आणि हरण्या म्हातारा झाला. ज्या सालची गोष्ट मी सांगतो आहे, त्या साली उभे राहतानाही त्याचे गुडघे थरथरत. पुढचा पोळा त्याला दिसणार नाही, हे सगळ्या गावाला कळत होते.

त्या दुपारी हैबतराव नेहमीच्याच जोरात आले. मारामारी झाली, आणि त्या धुमाळीत माझ्यापुढचे प्यादे मेले, त्यांच्या बाजूचे त्याच रांगेतले प्यादेही मेले. मी समोर पाहिले. वाट मोकळी होती! थेट शेवटपर्यंत. पलीकडे हैबतरावांचा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागे अडकून उभा, आणि त्यांची बाकी फौज आमच्या अंगणात. मी एकदा तिकडे गेलो की शह आणि मात. राजाला पुढे सरकायला जागा नाही, मधे पडायला कोणी नाही. पाळी गेणबांची होती.

हैबतरावांनाही ते दिसले. तंबाखू मळणारा त्यांचा अंगठा थांबला.

"काय गेणबा," ते जरा घाईने म्हणाले, "लई वेळ झाला. सोडायचा का बरोबरीत?"

तेवढ्यात ओढ्यावरून सारजाबाई आल्या. मागे हरण्या, शिंगांना हिंगूळ लावलेला, पाठीवर झूल. त्या पायरीखाली थांबल्या आणि पटाकडे बघू लागल्या. खेळ त्यांना येत नव्हता, पण पट त्यांच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यांचा होता.

"अवो, त्यो कोपऱ्यातला का बसून हाय? त्येला पाय न्हाईत व्हय?"

"वैनी, डावात बोलायचं न्हाई," कुशाबा म्हणाले.

"मी कुटं डावात बोलतीया? मी माज्या नवऱ्यासंगं बोलतीया."

गेणबांनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, त्यांनी माझ्याकडे पाहिले! मग हरण्याकडे पाहिले. मग त्यांचा हात आला, चिखलाने भेगाळलेली बोटे माझ्या सोंडेभोवती पडली आणि मी उचलला गेलो. चालू डावात खालचा पट मला पहिल्यांदाच वरून दिसला. हैबतरावांनी डोळे मिटून घेतले.

गेणबांनी मला एक घर डावीकडे, आमच्या राजाला चिकटून ठेवले.

"हवालदारांचा घोडा हिकडं घुसत हुता," ते म्हणाले. "आता कसं घट झालं!"

हैबतरावांनी डोळे उघडले. "वा गेणबा! काय चाल हाय!" असे म्हणून त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. इतकी मनापासून दिलेली दाद मी पुन्हा ऐकली नाही. लगेच हलगी वाजली.

हैबतरावांचा बैल पुढे गेला. हरण्या मागून, हळूहळू गेला. सारजाबाई कासरा धरून त्याच्या चालीने चालत होत्या. परत आल्या तेव्हा गेणबा सोंगट्या डब्यात भरत होते. बाईंनी त्यांच्या नकळत मला उचलले आणि पदरात बांधले.

पुढच्या पोळ्याला हरण्या नव्हता. गेणबांना डबा उघडल्यावर मी नाही हे कळले. त्यांनी माझ्या जागी सुपारी ठेवली. त्यांच्या खेळात काही फरक पडला नाही असे म्हणतात. डाव बरोबरीत सुटला.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात असे तुम्हांला गुरुजी सांगतात, ते बरोबरच असेल. पण माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरी बुद्धिबळ असेल तर त्यातल्या हत्तीला तेल लावू नका, फडक्यात गुंडाळू नका. वाट मोकळी दिसली की त्याला उचला आणि पाठवा. मेला तर मेला. मेलेल्या सोंगट्या पटाशेजारी एकमेकांना टेकून पडतात; लांबून पाहताना मला त्यांचा फार हेवा वाटे. आणि खेळताना मधूनमधून मान वर करा. पलीकडेही एक राजा असतो.

माझे म्हणाल तर मी आता सारजाबाईंच्या घरी असतो. त्यांच्या भांड्यांच्या मांडणीचा एक पाय आखूड होता. कोणी चालले की सगळी भांडी वाजत. मला पदरात बांधून आणले त्याच संध्याकाळी त्यांनी मला त्या पायाखाली सरकवले आणि म्हणाल्या, "हितं बस. बसायची सवं हायेच तुला."

मांडणी आता हलत नाही.